लाल पंखा, हिरवा पंप

त्या उन्हाळ्यात आमच्या कुरडया जीपच्या बॉनेटवर वाळल्या. पिंप्राळ्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घराला अंगण म्हणून जे काही होतं, ते सगळं त्या जीपनं व्यापलं होतं आणि मायला वाळवण घालायला दुसरी जागाच उरली नव्हती. पहिले आठ दिवस ती नुसती धुसफुसली. "लोके म्हैस आनतस, ती दूध तरी देस. यास्नी हाई लोखंड आनी ठेवं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला ऐकवायची. नंतर एके दिवशी तिनं जुनं लुगडं बॉनेटवर पसरलं, त्यावर सोऱ्यानं गव्हाच्या चिकाच्या कुरडया घातल्या, आणि संध्याकाळी बघते तर कडक वाळलेल्या. खालून तापलेला पत्रा आणि वरून जळगावचं ऊन. तेव्हापासून आबांनी बॉनेट उघडायचं म्हटलं की आधी मायची परवानगी घ्यावी लागे.

जीप आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सरकारी खात्याच्या लिलावात घेतली होती. चारही चाकांना जोर देणारी, पण त्या चारपैकी दोन चाकांची काय अवस्था होती ते विचारू नका. आबा तेव्हा एका जिनिंगच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. सरकी, गाठी, रुई हेच त्यांचं आयुष्य. त्यांना लोखंडातलं सगळं कळायचं, विजेतलं मात्र काही नाही असं ते स्वतःच सांगायचे, आणि विजेतलं सगळं आपल्याला कळतं असं मला वाटायचं. मी नुकतीच आय.टी.आय.मधून वायरमनचा कोर्स करून बाहेर पडले होते. वर्गात मी एकटी मुलगी. मास्तर मला पुढच्या बाकावर बसवायचे आणि माझं वायरिंग इतरांना दाखवायचे. एवढ्यावर माणूस चढतो, आणि मी चांगलीच चढले होते. आज माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलींमध्ये एखादी तशी दिसली की मला हसू येतं आणि थोडी भीतीही वाटते.

जीप घेतली ती अक्कासाठी. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, आम्ही दोघीच. तिचं सासर गिरणेच्या पल्याड, धरणगावच्या अंगाला, मोठ्या रस्त्यापासून चार मैल आत. माणसं शेतकरी, मनानं बरी. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ती पोटात पाच महिन्यांचं घेऊन अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आली होती. चार मैल बैलगाडीत आणि मग बसमध्ये उभ्यानं. आमच्याकडे अखाजीला लेक माहेरी आली नाही तर घरात सण झाला असं कुणी म्हणत नाही. ती आली, आणि तिसऱ्या दिवशी ते मूल गेलं. बैलगाडीमुळे गेलं असं कुणी बोललं नाही, पण कुणी विसरलंही नाही. पुढच्या दोन अखाज्यांना ती आली नाही. झाडाला झोका बांधला जायचा, गल्लीतल्या सासुरवाशिणी त्यावर बसून गाणी म्हणायच्या, आणि माय आमरसाची वाटी हातात घेऊन नुसती बसून राहायची.

त्या वर्षी अक्काला सातवा महिना लागणार होता. बाळंतपण माहेरीच व्हायचं, हे तर ठरलेलंच. तिच्या सासूबाईंनी निरोप धाडला, "दारशी गाडी आना, पोरले धक्का लागू देवू नका, मंग खुशाल लई जा." मला तेव्हा त्या बाईंचा राग आला होता. आता मी स्वतः सासू झाले आहे, आणि त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. भाड्याची मोटार त्या वाटेला यायला तयार नव्हती. काळ्या मातीत पडलेल्या गाडीच्या चाकोऱ्या उन्हाळ्यात दगडासारख्या होतात, त्यावरून मोटार गेली तर मोटारही मोडते आणि आतलं माणूसही. पण नदीतून गेलं तर मऊ वाळू, थेट गावाच्या वेशीपर्यंत. वाळूत साधी मोटार रुतते. चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी. आबांनी हे सगळं मनात धरून जीप आणली होती आणि आम्हाला आधी काहीच सांगितलं नव्हतं.

महिना-दीड महिना आमच्या अंगणात सकाळी पाचपासून ठोकाठोक चालायची, कारण नऊनंतर पान्याला हात लावला की चटका बसे. आबांनी टायर बदलले, मागची लोखंडी बाकं काढून टाकली आणि त्या जागी गादीवाल्याकडून खास रुई भरून घेतलेली आडवी गादी बसवली. रुई त्यांनी स्वतः निवडली. मग पाट्यांचा प्रश्न आला. जीपच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची चळत असते, तिच्यामुळे गाडी ओझं पेलते पण आदळतेही. आबांनी काय करावं? पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या त्या गादीवर ठेवला, शेजारी मला बसवलं आणि गल्लीतून, नाल्याकडच्या खड्ड्यांमधून गाडी फिरवून आणली. "पानी सांडनं का?" पाणी सांडलंच होतं. घरी आल्यावर एक पाटा कमी. पुन्हा तांब्या, पुन्हा फेरी. असे तीन दिवस चाललं. गल्लीतली माणसं दारात उभी राहून विचारायची, "काय आबा, आज तांब्याले कोठे फिरायले लई जाई राहिनात?" आबा हसायचे आणि गाडी सुरू करायचे. चौथ्या दिवशी तांब्यातलं पाणी नुसतं हललं, सांडलं नाही, तेव्हा त्यांनी मला मायला हाक मारायला सांगितलं आणि तिला त्या गादीवर बसवून अख्खं पिंप्राळं फिरवून आणलं. माय डोक्यावरचा पदर दातात धरून बसली होती. उतरल्यावर म्हणाली, "चांगली शे." त्यानंतर म्हैस हा शब्द तिनं काढला नाही.

वायरिंग माझं. मूळच्या तारा उंदरांनी खाल्लेल्या होत्या, आणि ज्या शाबूत होत्या त्या आबांनी जीप आणल्या आणल्या स्वतः ओढलेल्या, सगळ्या एकाच काळ्या रंगाच्या, टोकाशी गाठी मारलेल्या. एक गाठ दिव्याची, दोन गाठी हॉर्नच्या, तीन कशाच्या कोण जाणे. मी हसले. म्हटलं, आबा, हे काय गावठी काम! आता रंगीत तारा मिळतात, रंग बघितला की काम झालं. त्यांनी काळ्या तारांचं ते भेंडोळं माझ्या हातून घेतलं आणि घरात नेऊन ठेवलं.

स्टिअरिंगच्या शेजारी फळीवर मी सहा स्विच बसवले. वाळूत दिसावं म्हणून दोन जादा दिवे, मोठा हॉर्न, अक्काला वारा लागावा म्हणून मागे एक छोटा पंखा, आत एक दिवा. ही चार झाली. उरलेली दोन महत्त्वाची. जुना पेट्रोल पंप गेलेला होता, त्याच्या जागी आबांनी विजेवर चालणारा पंप आणला. तो सुरू केला की टिक-टिक-टिक असा आवाज येई, आणि कार्बोरेटर भरला की गप्प बसे. आणि रेडिएटरसमोर एका अपघातात गेलेल्या छोट्या मोटारीचा पंखा. हा पंखा स्विचनं बंद करता येतो याचं आबांना फार कौतुक, कारण पाण्यातून जाताना पंखा फिरत असला तर तो सगळं पाणी इंजिनावर उडवतो. प्रत्येक स्विचवर मी रेडिओवाल्याकडून आणलेला बारीक रंगीत दिवा लावला. पंख्याचा लाल, पंपाचा हिरवा. सगळं पेटवून संध्याकाळी मायला दाखवलं तर ती म्हणाली, लगीनघर वाटस. आबा फळीपुढे बराच वेळ बसले. एकेका स्विचवर अंगठा ठेवून ते ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होते. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला नवं शिकायला वेळ लागतो. तेव्हा ते पन्नाशीचे होते, आजच्या माझ्याहून कितीतरी लहान.

निघायच्या आदल्या दिवशी मी एक उद्योग केला. फळीच्या मागे पंपाची आणि पंख्याची तार एकमेकींना ओलांडून जात होती. कुणाला दिसणार नव्हती, पण मला माहीत होती, आणि मास्तरांच्या आवडत्या विद्यार्थिनीला ती खुपत होती. मी त्या दोन स्विचांची अदलाबदल केली. आता मागे सगळ्या तारा सरळ, पट्टीनं आखल्यासारख्या. आबांना सांगितलं, "आबा, पंप न् पंखानी जागा बदलनी. रंग तोच शे. रंग देखीसन दाबज्यात."

आबांनी फळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाव, बेटा."

लेकीला माहेरी आणायला जो जातो त्याला मुराळी म्हणतात, आणि मुराळी म्हणजे भाऊ. आम्हाला भाऊ नव्हता, म्हणून मी निघाले. गल्लीतल्या बायकांनी मला टोपी घालायची राहिली म्हणून चिडवलं. मायनं सांजोऱ्यांचा डबा दिला. सकाळी नदीचं पात्र कोरडं ठणठणीत होतं. चारही चाकं वाळू उडवत अशी गेली की मी ओरडलेच. स्विच सगळे मीच दाबत होते, आबांच्या शेजारी बसून, हौसेनं.

अक्काच्या दारात जीप उभी राहिली तेव्हा निम्मं गाव जमलं. तिच्या सासूबाईंनी आधी गादी दाबून पाहिली, मग स्वतः वर चढून बसून पाहिली, आणि मगच खाली उतरून आबांना पाणी दिलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवेची भाजी आणि वर ताक असं जेवण झालं. अक्का आतून आली. हिरवं लुगडं, चेहरा उतरलेला, पण हसत होती. आबांकडे बघून ती फक्त म्हणाली, "आनीच ना गाडी." आबा टायर बघायला गेले.

परत येताना नदीवर पोचलो तर पाणी. वरच्या धरणातून उन्हाळी आवर्तन सोडलं होतं, ते आम्ही जेवत असताना येऊन पोचलं होतं. संथ, गढूळ, पात्राच्या मधल्या भागात पसरलेलं. अक्काचे यजमान, आमचे दाजी, नदीपर्यंत पोचवायला आले होते. ते पायजमा वर खोचून पाण्यात उतरले, चालत पलीकडे गेले आणि तिथून ओरडले, "गुडघालगून पानी शे, आबा! या हळूहळू!" मी मागे अक्काजवळ बसले होते, तिला दोन्ही हातांनी धरून. आबांना म्हटलं, "पंखा बंद करा. लाल."

आबांनी हात पुढे केला, एक स्विच दाबला आणि गाडी पाण्यात घातली.

पहिले वीस-पंचवीस हात छान गेलो. कार्बोरेटरात होतं तेवढं पेट्रोल पुरलं. मग इंजिन खोकलं, दोन गचके खाल्ले आणि भर पाण्यात बंद पडलं. समोर पंखा सुरूच होता, फवारा उडत होता. पायाखालच्या पत्र्यातून पाणी आत आलं. अक्कानं पाय वर घेतले आणि माझं मनगट एवढं आवळलं की बांगडी पिचली. गचक्यांनी तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी पुढे वाकून बघते तर फळीवर लाल दिवा ढळढळीत पेटलेला आणि हिरवा विझलेला. माझं डोकं फिरलं. समोरच्या काठावर दाजी उभे आहेत, त्यांच्यामागे दोन गुराखी उभे आहेत, हे सगळं दिसत असून मी किंचाळले, "आबा! लाल म्हनं व्हतं ना मी! इतला मोठा लाल दिवा दिखत नही का?"

आबांनी मागे वळून पाहिलं नाही. म्हणाले, "नही दिखत."

एवढ्या साध्या आवाजात म्हणाले की मला आधी कळलंच नाही. मी पुढच्या सीटवर उडी घेतली, पंखा बंद केला, पंप सुरू केला. टिक-टिक-टिक. स्टार्टर मारला तर इंजिन फिरे पण पेटेना, इंजिनाला ठिणगी देणाऱ्या डबीत पाणी गेलं होतं. मी पाण्यात उतरले, बॉनेट उघडलं, डबीचं झाकण काढून ओढणीनं आतबाहेर पुसलं. पुसता पुसता ते दोन शब्द माझ्या डोक्यात जागेवर बसले. काळ्या तारांच्या गाठी. अंगठा ठेवून ओठातल्या ओठात केलेली मोजणी. पाडाला आलेला आंबा न बघता नाकाशी धरून निवडणं. मायनं त्यांना कधीच टोमॅटो आणायला न पाठवणं. मी वीस वर्षं त्या माणसाच्या घरात राहत होते, आणि तारांच्या सरळपणापायी त्यांच्या हाताला पाठ झालेली एकुलती एक गोष्ट मी बदलून ठेवली होती. मला रडू आलं. पण आधी झाकण बसवायचं होतं, ते बसवलं. इंजिन लागलं.

पलीकडच्या वाळूत आबांनी गाडी थांबवली आणि खाली उतरले. दाजी धावत आले, अक्का ठीक आहे असं बघून जरा बाजूला उभे राहिले. आबा गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले. "सुमे, आते तूच चालाड. माले लाल-हिरवं समजस नही. कधीच समजनं नही." आमच्या घरात एक गोष्ट अभिमानानं सांगितली जायची की आबांना एस.टी.त ड्रायव्हरची नोकरी लागत होती, पण साहेबाची हांजी-हांजी करायची नाही म्हणून त्यांनी ती लाथाडली. तीच गोष्ट ते आता मला, वाळूत उभं राहून, खरी सांगत होते. "डाक्टरनी ठिपकासनं पुस्तक दखाडं. म्हने त्यामा आकडा शे. माले काहीच दिखनं नही. घर यीसन सांगं, साहेबसंगे भांडन झायं." मग अक्काकडे न बघता म्हणाले, "पोरनं काही झायं असतं म्हंजे?"

मला जीप जिनिंगच्या मैदानावर चालवण्याइतकी येत होती. मी काही बोलायच्या आत मागून अक्का बोलली. अक्का कमी बोलणारी, त्यामुळे सगळे तिच्याकडे वळले.

"आबा, तुम्ही चालाडी राहिनात म्हनीसन मी या गाडीमा बसनू. सुमीले गाडी देशात ते मी आठेच उतरसू. लाल-हिरवं हिनं काम. रस्ता तुमनं."

दाजी पुढे झाले आणि त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन आबांसाठी जागेवरची वाळू हातानं झाडली. एवढंच केलं त्यांनी. पुढे कितीतरी गोष्टींत माझं आणि दाजींचं पटलं नाही, पण त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना सगळं माफ करत आले.

मी स्क्रू-ड्रायव्हर काढला, फळी सोडवली आणि दोन्ही स्विच पुन्हा पहिल्या जागी लावले. मागे तारा एकमेकींवर चढल्या, दिसायला गबाळं झालं. माझं बोट कापलं. "आबा, चुकनं मनं," असं मी म्हणाले, ते त्यांनी ऐकलं की नाही ठाऊक नाही, कारण ते तेव्हा जागेवर बसून डोळे मिटून एकेक स्विच अंगठ्यानं चाचपत होते. दिवे, हॉर्न, छोटा पंखा, आतला दिवा, पंप, पंखा. मग त्यांनी डोळे उघडले आणि गाडी सुरू केली. नदी सोडल्यावर डांबरी रस्ता लागला. अक्काला झोप लागली, तिच्यावर छोटा पंखा फिरत होता. (तिला श्रावणात मुलगी झाली, आमच्याच घरी. ती आज स्वतःच्या दोन मुलांना गाडीनं शाळेत सोडते आणि फार जोरात चालवते.)

पिंप्राळ्याच्या अलीकडे रस्त्याकडेला एक जुना गुलमोहर होता. अखाजीच्या सुमाराला तो असा फुलायचा की पानं शोधावी लागत. आबांनी काही कारण नसताना गाडी बाजूला घेतली. इंजिन चालू ठेवलं. मला वाटलं काही बिघडलं. ते वर झाडाकडे बघत होते.

"लोके म्हनतस, गुलमोहर फुलना. मी बी म्हनस, हाव, फुलना," ते म्हणाले. मग लहान मुलानं काही मागावं तसं, जरा लाजून, "सुमे, कोठे कोठे शेतस फुलं? दखाड ते."

मी हात बाहेर काढला आणि बोटानं दाखवू लागले. त्या खालच्या फांदीवर. तिच्या वरच्या दोन्ही फांद्यांवर. शेंड्यावर. डावीकडे तर नुसती फुलंच, पान नाही. अक्का जागी झाली होती, तीही मागून दाखवू लागली. आबा आमच्या बोटांमागे मान फिरवत होते, एका फांदीवरून दुसरीवर, सबंध झाडभर. आम्ही दाखवून संपवलं तरी ते वरच बघत राहिले.

"इतला फुलं?" ते म्हणाले. "दरसाल?"